शाईनं घ्या

कार्ड शिसपेन्सिलीने लिहिलेलं होतं आणि त्याचा एक कोपरा फाडलेला होता. शिपायाने ते माझ्या टेबलावर ठेवलं तेव्हा मी वर्गावर जायला निघालो होतो. कोपरा फाडलेल्या कार्डाचा अर्थ आपल्याकडे लहान मुलालाही कळतो, मजकूर वाचायची गरज नसते. तरी माझं लक्ष आधी अक्षरांकडे गेलं. शिसपेन्सिल... म्हणजे आमच्याच घरातून आलेलं. मुळशी तालुक्यातल्या आमच्या त्या घरात शाईची दौत कधीच नव्हती, आणि कार्ड लिहून देणाऱ्या गावच्या गुरुजींना ते ठाऊक होतं. आत्या गेल्यानंतरही त्यांनी तिच्या ओटीवर बसून शाईचं पेन उघडलं नाही, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. ‘ठकूबाई मंगळवारी सकाळी गेल्या. फार त्रास झाला नाही. दिवस गरमीचे, म्हणून आपल्यासाठी थांबता आलं नाही.’ एवढाच मजकूर होता. कार्ड सोलापूर जिल्ह्यातल्या माझ्या कॉलेजात पोचेपर्यंत चार दिवस उलटले होते. मी गेलो तो दहाव्यालाच.

आज त्याला पाच आठवडे झाले. माझ्या आत्याला गावाबाहेर कुणी ओळखत नव्हतं. तिच्यावर वर्तमानपत्राच्या पुरवणीत काही यावं असं तिने केलं तरी काय, असं वाचकांना वाटेल. मी आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. बी. ए.ला मी भाषाशास्त्र हा खास विषय घेतला होता, आणि आज तोच विषय शिकवून माझं घर चालतं. ही पदवी माझ्या नावावर आहे ती आत्यामुळे. तिने त्यासाठी जे दिलं ते तिने जन्मभर कुणाला दिलं नव्हतं. आणि ते दिल्यावर ती उरलेली सगळी वर्षं घाबरून जगली. हे कुठेतरी सांगितलं पाहिजे.

आत्या आणि माझे वडील जन्मले ते गाव आता नाही. धरण झालं तेव्हा ते पाण्याखाली गेलं. वडील त्या वेळी अंगावर पिणारं मूल होते, त्यांना काही आठवत नसे. आत्या दहा-अकरा वर्षांची होती. तिला सगळं आठवे, पण ती त्या गावाचं नाव घेत नसे. ‘तिकडं’ एवढंच म्हणे. तिच्या तोंडून मी जे ऐकलं ते तुकड्यातुकड्याने, पुष्कळ वर्षांत. एके दिवशी मोजणीची माणसं आली. त्यांनी आजोबांना विचारलं, तुमची शेतं कोणती, त्यांची नावं काय? आजोबांना अभिमान वाटला. आमच्याकडे भाताच्या प्रत्येक खाचराला नाव असतं, माणसाला असतं तसं. आजोबांनी एकेक नाव सांगितलं. कुठलं लवकर पिकतं, कुठल्यात पाणी टिकतं, तेही सांगितलं. ते सगळं शाईने लिहून घेतलं गेलं आणि आजोबांचा अंगठा उठवला गेला. अंगठ्याची शाई चार दिवस निघाली नाही. पुढे यादीतली सगळी शेतं गेली. आजोबांनी त्यानंतर मरेपर्यंत एकाही शेताचं नाव उच्चारलं नाही. नावं सांगितली नसती तर शेतं घेता आली नसती, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं, आणि ते त्यांच्याकडून आत्याकडे आलं. आज मला कळतं की तसं काही नसतं. पण तिच्या ओटीवर बसलं की मलाही ते तितकंसं खात्रीने म्हणता येत नसे.

लग्नानंतर दोनच वर्षांनी विधवा होऊन ती माहेरी परत आली. माझी आई मी तीन वर्षांचा असताना वारली. वडील मुंबईला गोदीत. तेव्हा घरात मी आणि आत्या. कुणी कागद काढला, मग तो तलाठी असो की पोस्टमन, की तिचा पदर तोंडावर जाई आणि तो माणूस उठेपर्यंत तिथेच राही. घरात यायचं तर पेन दाराजवळच्या कोनाड्यात ठेवायचं, हा तिचा नियम. लोक हसत, पण ठेवत. मी पौडच्या शाळेतून येई तेव्हा मीही आधी पेन कोनाड्यात ठेवायचो, मग हातपाय धुवायचो. अभ्यास शिसपेन्सिलीने. शिसपेन्सिलीला तिची हरकत नव्हती. “ते पुसतंय,” ती म्हणे.

मॅट्रिक झालो आणि पुण्याला कॉलेजात गेलो. पहिले सहा महिने मी वर्गात तोंड उघडलं नाही. तोंडातून ‘हाय’ किंवा ‘न्हाई’ निसटेल आणि मागच्या बाकांवरून हसू येईल, या भीतीने मी वाक्य आधी मनात म्हणून बघायचो, आणि तोवर बोलायची वेळ निघून जायची. भाषाशास्त्र मी घेतलं तेही थोडंसं या भीतीमुळेच. वाटलं, या विषयात नीट बोलायला शिकवत असतील. वर्गात आम्ही चौघंच होतो. सरांनी पहिल्याच तासाला सांगितलं की जगात कुठलीच बोली अशुद्ध नसते, बोलणाऱ्याला लाजवणारे लोक मात्र असतात. मी ते वहीत लिहून घेतलं, खाली दोन रेघा मारल्या, आणि दिवाळीच्या सुट्टीत घरी जाऊन आत्याला म्हणालो, “आत्या, उद्या पुण्याचं कुणी आलं तर जरा नीट बोलत जा. हाय-न्हाई करू नको.” ती तांदूळ निवडत होती. तिने मान हलवली. मी ते वाक्य विसरून गेलो. ती विसरली नाही.

शेवटच्या वर्षी प्रत्येकाला एका बोलीचा नमुना गोळा करायचा होता. सरांनी मोठी शब्दयादी दिली. अंगाचे भाग, नातीगोती, घर, शेत, पाऊस, अवजारं. ज्याच्या तोंडून बोली ऐकायची त्या माणसाला आम्ही निवेदक म्हणत असू. निवेदक वयस्क असावा, फार फिरलेला नसावा, शाळेत गेलेला नसावा आणि त्याचे दात शाबूत असावेत, म्हणजे उच्चार स्वच्छ येतात. धरणाखाली गेलेल्या गावची बोली बोलणारं घरात कुणी आहे, हे माझ्याकडून कळल्यावर सरांचे डोळे चमकले. तीन वर्षांत पहिल्यांदा मी कुणीतरी होतो.

दातांचं सांगितलं तेव्हा आत्या म्हणाली, “दात बगून? मंग शेपूट बी बगा. बैल घेताय का बाजारातनं?” शेजारचा बाबू ओटीवर बिडी ओढत बसला होता. त्याला ही सगळी गंमतच वाटली. “आमचंच बोलनं शिकाया पुन्याला गेला, आन् आता आमालाच इचारतोय,” तो म्हणाला. “भाताला भात म्हनत्यात, लिव आन् हो बी. ए.” आत्याने त्याला उठवून लावलं. माझं अडलंय एवढं तिला कळलं होतं. अट एकच, शाई नको.

आमच्या विभागाचा नियम याच्या नेमका उलट होता. बोलणाऱ्यासमोर बसून केलेली नोंद शाईनेच करायची, काही पुसायचं नाही, चुकलं तर एक रेघ मारून पुढे जायचं. पुसलेल्या नोंदीवर कुणी विश्वास ठेवत नाही. हे मला माहीत होतं. तरी मी शिसपेन्सिलीने लिहिलं, कारण दुसरा मार्गच नव्हता. नाताळच्या सुट्टीत पंधरा दिवस ती बोलत गेली. सुरुवातीला एकेक शब्द, मग गोष्टी. पावसात डोक्यावर घ्यायच्या इरल्याच्या काड्या कशा वाकवायच्या, पानं कशी लावायची, यावरच दोन पानं भरली. मी तिला इतकं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. एका दुपारी शेतीच्या शब्दांवर आलो, आणि बोलता बोलता ती तिकडे गेली. ओढ्यापासून सुरुवात करून एकेक खाचराचं नाव घेत ती गावातून चालत गेली. सतरा शेतं. मी मान खाली घालून लिहीत होतो. अचानक आवाज थांबला. वर पाहिलं तर पदर तोंडावर गेला होता.

“खोड ते,” ती म्हणाली.

मी रबर काढलं. तेवढ्याने तिचं समाधान झालं नाही. वाचता येत नसूनही तिने वही ओढून घेतली, अंगठा जिभेला लावला आणि पान झिजेपर्यंत घासलं. “सदा, माजी शपत हाय. हितं काय हुतं ते कुनाला सांगायचं न्हाई.” मी शपथ घेतली. पुढची पानंही अशी दोन-चार ठिकाणी पुसली गेली. गावाचं नाव, एका देवाचं ठिकाण, ओढ्यातल्या डोहाचं नाव.

वही सरांच्या हातात दिली तेव्हा त्यांनी ती पानापानाने चाळली. मग पुसलेल्या पानावर बोट ठेवून विचारलं, “हे काय?” चुकून भलतंच लिहिलं होतं, असं मी म्हणालो. तीन वर्षांत सरांशी बोललेलं पहिलं खोटं. आदल्या वर्षी एका विद्यार्थ्याने खोलीत बसून मनानेच सगळी यादी भरली होती आणि ते उघडकीला आलं होतं. सरांनी ते मला सांगितलं, आवाज न चढवता. मग म्हणाले, पुढच्या पंधरवड्यात एका रविवारी मी स्वतः येतो, तुमच्या आत्यांना भेटतो. नमुना खरा आहे अशी सही त्यांनी केल्याशिवाय मला परीक्षेला बसता येणार नव्हतं. वडिलांना काय सांगायचं, गावात काय तोंड दाखवायचं... मी घरी कार्ड टाकलं. सर येणार आहेत, एवढंच लिहिलं.

ते पंधरा दिवस आत्या काय करत होती हे मला पुढे गुरुजींनी सांगितलं. ती रोज दुपारी शाळेच्या मागच्या भिंतीला टेकून बसत होती. आत मुलं धडा वाचत, गुरुजी समजावून सांगत, आणि ती ओठ हलवत ऐकत असे.

सर आले. पौडपासून दोन कोस चालत आले, धोतर धुळीने भरलेलं. घर सारवलेलं होतं, शाळेतली खुर्ची मागून आणून ओटीवर ठेवली होती. मी काही न सांगताच सरांनी माझ्या पाठोपाठ आपलं पेन कोनाड्यात ठेवलं, तेव्हा मला वाटलं, निभावलं. आत्या दारात आली, हात जोडले आणि म्हणाली, “यावे. बसावे. प्रवास सुखाचा झाला का?”

हे शाळेच्या पुस्तकातलं बोलणं होतं. सरांनी गोड बोलून हे-ते विचारलं. ती प्रत्येक प्रश्नाला क्षणभर थांबे, डोळे मिटे आणि पाठ केल्यासारखं उत्तर देई. शेवटी सरांनी भिंतीवर टांगलेल्या इरल्याकडे बोट दाखवलं. याला तुम्ही काय म्हणता?

“यास आम्ही छत्री असे म्हणतो,” आत्या म्हणाली. आणि माझ्याकडे पाहून किंचित हसली.

सर जेवले. भात, आमटी, तिने खास केलेले घावन. सगळ्याची त्यांनी मनापासून तारीफ केली. निघताना मी त्यांना वेशीपर्यंत पोचवायला गेलो तेव्हा ते थांबले. “तुमच्या वहीत एक बाई बोलतात,” ते म्हणाले, “आणि इथे दुसऱ्याच बसल्या आहेत. उद्या दुपारी विभागात या. तोवर मी काहीच धरून चालत नाही.” मी तिथल्या तिथे सांगू शकलो असतो. पण काय सांगणार? पहिल्या तासाला त्यांनी जे शिकवलं त्याच्या उलट मी घरी जाऊन आत्याला सांगितलं होतं, हे? आणि पुसलेल्या पानांवर तर तिची शपथ बसलेली होती. सर धुळीच्या वाटेने निघून गेले.

घरी आलो तर ती चुलीपुढे बसली होती. चेहरा उजळलेला. “बरं बोलले न्हवं?” तिने विचारलं.

त्यावर मी जे बोललो ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मी म्हणालो, “बुडवलंस तू मला.” ज्या बाईचं सगळं गाव बुडालं होतं तिला मी ते म्हणालो. मग बाकीचं सगळं एका दमात सांगून टाकलं, सही, परीक्षा, खाडाखोड, दुसरीच बाई. पदर हळूहळू वर गेला आणि तोंडावर थांबला. मी पिशवी उचलली, कोनाड्यातलं पेन घेतलं आणि शेवटच्या एस.टी.ने पुण्याला आलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी सरांच्या खोलीत मी उभा होतो. टेबलावर वही उघडी, तेच पान वर. सर विचारत होते आणि मी गप्प होतो. तेवढ्यात बाहेर गलका ऐकू आला. शिपाई कुणाला तरी म्हणत होता, “अहो बाई, हा बाजार आहे का? कुठे शिरताय?” आणि त्यावर जो आवाज आला तो मी झोपेतही ओळखला असता.

“आरं बाजूला सर की. सकाळधरनं पायाचं तुकडं पडल्यात माज्या.”

आत्या कधीही पुण्याला आली नव्हती. एस.टी.त चढली नव्हती. अंधारात उठून पौडपर्यंत चालत आली होती, पहिली गाडी धरून पुण्यात उतरली होती, आणि कॉलेजचं नाव माहीत नसल्याने लोकांना विचारत होती, ‘जितं बोलायला शिकवत्यात ती शाळा कुटं हाय?’ कुणा भल्या माणसाने तिला मुक्या-बहिऱ्या मुलांच्या शाळेत नेऊन सोडलं. तिथे ती घटकाभर बसली. “पोरं हातांनी बोलत हुती,” पुढे कधीतरी ती मला म्हणाली. “ग्वाड. कुनी लिवून घ्यायचं भ्या न्हाई.” तिथल्याच एका बाईंनी विचारपूस करून तिला आमच्याकडे पाठवलं होतं.

ती आत आली आणि खाली बसली. सरांनी पुढे केलेल्या खुर्चीकडे तिने पाहिलंही नाही. सर म्हणाले, “बाई, काल तुम्ही असं का नाही बोललात?”

“यानंच सांगितलं हुतं,” तिने माझ्याकडे हनुवटी केली. “पुन्याचं कुनी आलं तर नीट बोल म्हनून. म्या नीट बोलले. माजी चूक काय झाली ते सांगा.”

सरांनी माझ्याकडे पाहिलं. आयुष्यात मी पुष्कळ गोष्टींना भ्यालो आहे, पण त्या नजरेइतकं कशालाच नाही. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, “तुम्हीही खाली बसा. त्यांच्या शेजारी.” मी बसलो.

मग आत्याने वहीकडे बोट केलं. “ते पुसलंय न्हवं, ते म्या पुसलंय. पोरानं खोटं काय लिवल्यालं न्हाई. त्याला माजी शपत हाय म्हनून त्यो गप हाय.” सरांनी खिशातून पेन काढलं आणि टोपण उघडलं. निबेवर शाई ओली दिसत होती. आत्याचा पदर सवयीने वर आला. नाकापर्यंत आला. मला तिचा श्वास ऐकू येत होता. माझ्या मनात आलं, तिला म्हणावं, चल, उठ, नको मला ती परीक्षा. हे खरंच मनात आलं होतं. पण मी बोललो नाही. भीती माझ्याही तोंडावर पदरासारखी बसली होती आणि त्या भीतीखाली परीक्षेचा लोभही होता, हे कबूल केलं पाहिजे.

तिने पदर खाली घेतला. “शाईनं घ्या,” ती म्हणाली.

आणि ती ओढ्यापासून चालायला लागली. डोळे मिटलेले, हाताने बांध दाखवत. हे पहिलं, याच्या उशाला जांभूळ. हे दुसरं, यात बा पडला हुता. तिसरं... सरांनी वहीचं ते झिजलेलं पान खिडकीच्या उजेडात धरलं. पेन्सिल पुसली गेली होती, पण टोकाचा दाब कागदावर राहिला होता. ती एकेक नाव सांगे आणि सर उजेडात ते वळ वाचत. काही पुरते झिजले होते, तिथे ते शाईने लिहून घेत. सतरावं नाव झाल्यावर तिने गावाचं नाव घेतलं. मी ते तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं, आणि शेवटचं.

सरांनी सही केली. ते म्हणाले की ही शेतांची नावं मी कुठेही छापणार नाही. आत्या उठता उठता म्हणाली, “छापा न्हाईतर जाळा. पोराला बसू द्या परीक्षेला.”

स्वारगेटपर्यंत आम्ही चालत गेलो. ती वाटभर उजवा अंगठा लुगड्याला घासत होती. अंगठ्याला काहीच लागलेलं नव्हतं. कुणी तो मागितलाही नव्हता. मी दोनदा तिचा हात धरून दाखवला, बघ, स्वच्छ आहे. ती हो म्हणाली आणि पुन्हा घासू लागली.

मी पास झालो, एम. ए. झालो, नोकरीला लागलो. वडील माझ्या पदवीनंतर वर्षभराने वारले. पदवीचा तो कागद आत्याला दाखवला तेव्हा तिने लांबूनच पाहिला. मी जेव्हा जेव्हा घरी जायचो, पेन कोनाड्यात ठेवायचो, तेव्हा तिचा पहिला प्रश्न ठरलेला, “त्या शाईचं काय आलं का?” काही आलं नाही गं, मी म्हणायचो. कधी हसून म्हणायचो, आणि ते हसणं मला आता बोचतं. तलाठ्याची सायकल वाडीत आली की ती गोठ्याच्या मागे जाऊन उभी राही. आता हे घरही जाणार, आपण नावं दिलीत, असं तिला सारखं वाटत राहिलं. मी तिला नकाशे दाखवले, कायदे समजावले. भीतीला त्याने काय होतं?

मग पुण्यात धरण फुटून पूर आला. सरांचं घर नदीकाठच्या पेठेत. जीव वाचले, पण कपाटातल्या कागदांचा लगदा झाला, आणि त्यात माझी ती वहीही होती. ती पडताळून पाहण्यासाठी त्यांनी स्वतःकडे ठेवून घेतली होती. मला वाटलं, ही बातमी आत्याला सांगावी, तिची सुटका होईल. मी मुद्दाम गेलो. ती शेंगा सोलत होती. ऐकून तिचे हात थांबले. “गेली व्हय शाई?” तिने विचारलं. गेली, मी म्हणालो, सगळी पाण्यात गेली. मग तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. “दोनदा बुडालं,” ती म्हणाली.

त्या दिवशी तिने मला समोर बसवून सतरा नावं पाठ करून घेतली. शाळेत पाढे घेतात तशी. चुकलो की पहिल्यापासून. कागदावर लिहायचं नाही, शिसपेन्सिलीनेही नाही. “डोस्क्यात ऱ्हाऊ दे. तितं पानी येत न्हाई.” पुढच्या प्रत्येक भेटीत, पेन कोनाड्यात गेलं की, शाईच्या प्रश्नाऐवजी ती ही उजळणी घेई. यंदा संक्रांतीला गेलो होतो ती शेवटची भेट. ती अंथरुणावर होती, आवाज खोल गेला होता. मी नावं म्हणत गेलो, ती ओठ हलवत राहिली. तिने मान हलवली, म्हणजे बरोबर.

दहाव्याचे विधी आटोपून मी त्या घरात एकटा बसलो होतो. आत शिरताना पेन कोनाड्यात ठेवलं गेलंच होतं, हाताने आपोआप. उजळणी घ्यायला कुणी नव्हतं, म्हणून मीच मनात सुरुवात केली. ओढा, जांभूळ, पहिलं, दुसरं... नवव्या खाचराशी येऊन थांबलो. बांध आठवतो, त्याच्या कडेचा दगड आठवतो, ती तिथे हात कसा वळवायची तेही आठवतं. नाव आठवत नाही. पुन्हा पहिल्यापासून म्हटलं. पुन्हा तिथेच थांबलो. मी माझ्या विद्यार्थ्यांना नोंदी कशा ठेवाव्यात हे शिकवतो. निवेदक गेल्यावर काय काय जातं, यावर दर वर्षी एक व्याख्यान देतो. उरलेली सोळा आजच लिहून ठेवावीत, हे मला कळत नाही असं नाही. मी उठून कोनाड्यापाशी गेलोही होतो.

पेन मी तिथेच ठेवून आलो. हा लेख शिसपेन्सिलीने लिहिला आहे. तो छापणारे शाईनेच छापतील, त्याला माझा इलाज नाही. पण त्यात तिच्या गावाचं नाव नाही आणि एकाही शेताचं नाही. रोज सकाळी अंघोळ झाल्यावर मी ओढ्यापासून निघतो. आठव्यापर्यंत पावलं नीट पडतात. नवव्या बांधावर थांबतो, वाट बघतो, आणि मग तो बांध तसाच ओलांडून दहाव्यात उतरतो. आज सकाळी तिसऱ्याशीही क्षणभर थांबावं लागलं...